संप फोडणारा पंखा

मित्रांनो, मी संपफोड्या आहे. त्याआधी मी साधा पंखा होतो. टेबलावरचा, तीन पात्यांचा, फिकट निळ्या रंगाचा. आता रंगही गेला आणि अब्रूही.

माझा जन्म पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकता सरकता कुणी मला पाती बसवली, कुणी जाळी, कुणी मान. मला आया किती हे मोजायला बसलो तर एक अख्खी पाळी भरेल. तिथून मी दक्षिणेला एव्हरा गावी आलो. मला घरी आणणारे बेलार्मिनु वालादश बुचाच्या कारखान्यात कामाला होते. झाडाची साल उकळायची, सपाट करायची आणि तिची बुचे पाडायची. एका उन्हाळ्यात मी टेबलावरून पडलो आणि माझी मान मोडली, तेव्हा त्यांनी बुचाचे एक कडे कोरून माझ्या गळ्यात बसवले. ते आजही तिथेच आहे. माझ्या अंगावरची एवढी एकच गोष्ट कुणीतरी माझ्यासाठी म्हणून केलेली आहे.

तेव्हा माझे दिवस चांगले होते. एव्हराच्या उन्हाळ्यात भरदुपारी खिडक्यांची दारे लावून घर अंधारे करतात आणि त्या अंधारात माझेच राज्य असे. बेलार्मिनुंची बायको फेलिश्मिना पाहुण्यांना सांगे, "या घरात सांगितल्यावर मान हलवणारा हा एकटाच." पाहुणे हसत. पण मित्रांनो, पंखा मान कशी हलवतो ते आठवा. डावीकडे, उजवीकडे. मी जन्मभर 'नाही, नाही'च म्हणत आलो आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या या 'नाही'चा लोकांनी काय अर्थ लावला ते तुम्हाला कळेलच.

त्या घरात एक नाव घ्यायची बंदी होती. बेलार्मिनुंचा सख्खा भाऊ जानुआरिउ. बुचाच्या कारखान्यात मोठा संप झाला, तेव्हा हा गडी मागच्या फाटकातून आत कामावर गेला. राहायला मात्र समोरच. गल्ली एवढी अरुंद की दोघांच्या खिडक्यांतून हात काढले तर टाळी देता येईल. चाळीसेक वर्षे दोघे भाऊ आपापल्या खिडकीत बसले, एकमेकांची खोकल्याची उबळ ऐकली, आणि शब्द बोलले नाहीत.

फेलिश्मिना गेली. मग भिंतीवर गार हवेचे यंत्र आले आणि मी कपाटावर गेलो, नाताळच्या देखाव्यातल्या मातीच्या मेंढ्यांशेजारी. मेंढ्या वर्षातून एकदा तरी खाली उतरत. मी तोही नाही. पुढे ते यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीवाला "येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. त्याच वर्षी बेलार्मिनुंना झटका आला, डावे अंग लुळे पडले, आणि त्यांना सांभाळायला त्यांची लेक ग्रासिएत माहेरी परत आली. येताना तिने घरबसल्या करायचे काम आणले आणि मला कपाटावरून खाली काढले.

तिचे काम असे. युरोपभर एक मोठा अभ्यास चालू होता: लोक कोणत्या परिस्थितीत काम करतात, घरून काम करणाऱ्यांचे कसे चालते, मालक आणि कामगार यांचे जमते की नाही. मोठे संशोधक त्यावर जाडजूड अहवाल लिहिणार होते. पण अहवालाआधी कुणीतरी लोकांना फोन करून प्रश्न विचारायला हवेत. ते काम एका कंपनीने घेतले होते आणि कंपनीने ते ग्रासिएतसारख्या बायाबापड्यांना त्यांच्या घराघरांत वाटून दिले होते.

ती कानाला यंत्र लावून विचारी, "तुमच्या कामाचा वेग एखादं यंत्र ठरवतं का?" आणि पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका तिच्यावर नजर ठेवून असे. ती विचारी, "कामाची वेळ संपल्यावर साहेब तुम्हाला निरोप पाठवतात का?" आणि तेवढ्यात साहेबाचा निरोप येई. साहेब म्हणजे नेल्सन किन्तेला. पोरगेलासा, सदा आनंदी. माउस थोडा वेळ हलला नाही की ठिपका पिवळा पडे, आणि ठिपका पिवळा पडला की नेल्सन लिही, "ग्रासिएत, सगळं ठीक ना?" मागोमाग पगारातून तेवढा वेळ कापला जाई.

आता लुळ्या बापाला न्हाणीघरात न्यायचे, बसवायचे, उठवायचे, पुसायचे. हिरव्या ठिपक्याला बाप नव्हता, त्याला हे कसे समजावे? एकदा तिने बापाला अर्ध्या आंघोळीत सोडून माउस हलवायला धाव घेतली आणि तिकडे ते घसरले. त्या दिवशी ती जमिनीवर बसून बराच वेळ रडली. मग उठली, दोरी घेतली, एक टोक माझ्या गळ्यातल्या बुचाच्या कड्याला बांधले आणि दुसरे माउसला.

मी 'नाही' म्हटले की माउस डावीकडे. मी पुन्हा 'नाही' म्हटले की माउस उजवीकडे. ठिपका हिरवागार.

असा मी नोकरीला लागलो. वारा कुणाला लागत नसे, कारण माझे तोंड भिंतीकडे होते. ग्रासिएत घामाने निथळत बापाची सेवा करी आणि मी भिंतीला हवा घालत तिची हजेरी लावी. हळूहळू तिच्या हाताला सवयच लागली. बापाकडे जायचे, पाव आणायला जायचे, कचरा टाकायचा, खुर्चीवरून उठली की आधी माझे बटण. विचार करावा लागत नसे. आपण डोळे मिचकावतो तसे.

मग संप ठरला. मागण्या दोनच: कामाच्या वेळेबाहेर निरोप नकोत, आणि ठिपक्यावरून पगार कापू नका. पुढाकार इव्होनचा, ग्रासिएतची फोनवरची मैत्रीण. तिचा आवाज असा की उत्तर देणारा माणूस घाबरून खरे बोलत असे. संपाच्या आदल्या दिवशी बेलार्मिनु लेकीला म्हणाले, "पोरी, उद्या चौकात माझी लाल टोपी घालून जा. आणि आपल्या गल्लीतून जाताना मान वर ठेव. समोरच्या खिडकीला दिसू दे."

सकाळी तिने फक्त बघण्यासाठी म्हणून संगणक उघडला. सहकाऱ्यांच्या यादीतले ठिपके एकेक करून राखाडी, म्हणजे गैरहजर, होत होते. "बाबा, सगळे! अहो, सगळेच्या सगळे!" ती ओरडली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. टोपी घातली, उठली, आणि उठता उठता हात सवयीने खाली आला.

माझे बटण दाबले गेले.

मित्रांनो, मी काय करणार होतो? बटण खाली असले की मला फिरावेच लागते. दार लागले, आणि मी रिकाम्या खोलीत जीव तोडून 'नाही, नाही, नाही' करत राहिलो. प्रत्येक 'नाही'ला कंपनीच्या पडद्यावर ग्रासिएत वालादश हजर होती. पलीकडच्या खोलीत बेलार्मिनु पडून; माझी घरघर त्यांना रोजचीच. माझी मोटार जळावी म्हणून मी प्रार्थना केली. जुन्या मालाचे हेच वाईट, जळत नाही.

संध्याकाळी ती उन्हाने लाल होऊन परतली. आवाज बसलेला, चेहरा हसरा. बापाला सांगू लागली, "बाबा, काय मजा! आम्ही कुणी एकमेकींना पाहिलेलंच नाही हो कधी. चौकात सगळ्या जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नुसत्या—" आणि माझा आवाज तिच्या कानावर पडला.

दुसऱ्या दिवशी नेल्सनचे पत्र सगळ्यांना गेले. अवघड दिवशीही एक सहकारी आपल्या जागेवरून हलली नाही, एकदाही विश्रांती घेतली नाही, एकही तक्रार केली नाही. ग्रासिएत, तुझा आम्हाला अभिमान आहे. दिवसभरात तिने एकही फोन केला नव्हता, पण फोनची नोंद दुसरा विभाग ठेवतो, आणि तो विभाग संपावर होता. पत्रात जाहीर केलेले बक्षीसही दुपारी आले: डुकराची खारवलेली अख्खी तंगडी, तिला सोनेरी फीत, फितीवर लिहिलेले 'निष्ठेला सलाम'.

इव्होनचा फोन आला. "काय गं, तंगडी कापलीस का? वास इथपर्यंत येतोय."

"इव्होन, अगं मी तुझ्या शेजारी उभी होते चौकात! लाल टोपी! तू मला पाणी दिलंस!"

"लाल टोपीवाली होती खरी एक. ती तूच कशावरून? तुला मी त्याआधी पाहिलंय कुठे? बहीणबिहीण पाठवली असशील."

"मला बहीण नाही गं."

"मग मावसबहीण. पडद्यावर तू हिरवी होतीस, बाई. पडदा खोटं बोलत नाही."

पंख्याची गोष्ट सांगावी तर नोकरी जाणार, कारण ठिपक्याला फसवणे हा करारातला पहिला गुन्हा. सांगू नये तर जन्मभर संपफोडी. आणि नोकरी गेली तर बापाला रोज घरात एकटे टाकून ती कुठे कामाला जाणार?

बापाला मात्र तिने सगळे सांगितले. ते तंगडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते यंत्र आहे. बटण कुणी दाबलं?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अबोलाही परवडत नाही. म्हणून ते उघड्या दारातून माझ्याशी बोलू लागले. "पंख्या, तिला सांग, कूस बदलायची आहे." "पंख्या, तिला सांग, सूपात मीठ कमी आहे." ती समोर वाटी धरून उभी. लसूण-कोथिंबिरीचे पावाचे सूप, वर अंडे, त्यांच्या आवडीचे. ती म्हणे, "पंख्या, बाबांना सांग, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय." आणि मी 'नाही, नाही' करत राही. तंगडी स्वयंपाकघरात टांगलेली होती. कुणी सुरी लावली नाही.

सोमवारी नेल्सनने बैठक घेतली. सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवायचे, असा हुकूम होता. पडद्यावर चौकोनाचौकोनात चेहरे आले.

"आपण एक कुटुंब आहोत," नेल्सन म्हणाला. "ग्रासिएत, सांग सगळ्यांना, तुला हे कसं जमतं?"

तिने मला उचलले. दोरी आणि माउससकट कॅमेऱ्यासमोर धरले.

"याला विचारा," ती म्हणाली. "संपाच्या दिवशी हा होता कामावर. मी चौकात होते. रोजही बराच वेळ हाच असतो. माझे बाबा आजारी आहेत."

आणि मित्रांनो, मी पंखा आहे. फिरणारी वस्तू मला लांबून ओळखता येते. एकीच्या मागे तबकडी नसलेला ग्रामोफोन फिरत होता. एकीच्या मागे केक सजवायची चकती. एकीच्या टेबलावर लहान मुलाची आगगाडी गोल गोल धावत होती, डब्याला दोरी बांधलेली. इव्होनच्या पाठीमागून एक ओळखीची घरघर येत होती. मी माझ्या गोतावळ्यात होतो. एकही माणूस एक शब्द बोलला नाही. दोन चौकोन काळे झाले.

"ग्रासिएत," नेल्सन हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो हसत नव्हता, "हे तू सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस गं."

संध्याकाळपर्यंत तिचा ठिपका यादीतूनच गेला.

रात्रीच्या जेवणाला तिने बापासमोर वाटी धरली. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिले, मग मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"पोरी, सूपात मीठ कमी आहे."

ती हसायला गेली आणि ते जमले नाही.

मग त्यांनी आपली खुर्ची खिडकीशी न्यायला लावली. समोरच्या खिडकीत जानुआरिउ बसले होते. बेलार्मिनुंनी कितीतरी वेळ घसा खाकरला. "जानुआरिउ," ते म्हणाले, "त्या वेळी तुझं बटण कुणी दाबलं होतं रे? कधी विचारलंच नाही मी."

मग जानुआरिउ आपल्या मांजराला म्हणाले, "त्याला सांग, आता आठवत नाही." आणि खिडकी लावून घेतली.

आता नोकरी नाही. ग्रासिएत दिवसभर कामासाठी अर्ज करते आणि एकही उत्तर येत नाही. परवा फोन वाजला तेव्हा ती धावली. तिकडून आवाज आला, "नमस्कार, आम्ही युरोपातल्या कामाच्या परिस्थितीचा अभ्यास करत आहोत." नंबर यंत्र निवडते, आवाज मात्र इव्होनचा होता. तिनेही ओळखले असणार, कारण ती मध्येच अडखळली. पण बोलणे ध्वनिमुद्रित होते, प्रश्न वाचावाच लागतो.

"गेल्या आठवड्यात तुम्ही पगारासाठी एक तास तरी काम केलंत का?"

"नाही."

"मग... हा अभ्यास फक्त काम करणाऱ्यांसाठी आहे. आपले आभारी आहोत." इव्होन फोन ठेवेना. तिच्या मागची घरघर मला ऐकू येत होती.

"इव्होन," ग्रासिएत म्हणाली, "पुढच्या संपाला निघताना आधी मागचं ते बंद कर."

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काही मागायचे असते, म्हणून मागतो. माझी पाती पुसा, मला तेल द्या, हे मी मागत नाही. संशोधक आले आणि त्यांनी हिरवे ठिपके मोजून सगळे सुखी आहेत असे लिहिले, तर एवढे विचारा की ठिपक्यामागे माणूस आहे की वारा. आणि मला भिंतीकडून वळवा. या घरात दोन माणसे उकाड्याने तळमळत आहेत आणि माझे तोंड अजून भिंतीकडेच आहे. दोरीही गळ्यात तशीच आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला आता काही नाही. कुणीतरी ती सोडा.