तीच माफी

ईस्टर चार दिवसांवर आला होता. कोर्लईच्या चर्चात पापनिवेदनाची रांग लागली होती आणि जुआनाच्या नेमकी पुढे रेजीना उभी होती.

नऊ वर्षांपूर्वी जुआनाचा नवरा पास्कोल घर सोडून रेवदंड्याला याच रेजीनाकडे राहायला गेला. गेल्या पावसाळ्यात तो तिकडेच वारला. या नऊ वर्षांत जुआनाने एक रविवार चुकवला नव्हता. रेजीना मात्र आजच चर्चची पायरी चढत होती.

रेजीना आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा हलका. ते बघून जुआनाच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा नेलास, आता माझा देवसुद्धा नेतेस?

ती आत शिरली आणि गुडघे टेकायच्या आधीच म्हणाली, "फादर, त्या बाईला माफी दिलीत?"

"तिचं तिच्यापाशी आणि देवापाशी. तुमचं सांगा."

"माझं काय असणार? मी तर सोसलंय."

तिने गुडघे टेकले. उठून जावं असं जुआनाला वाटलं, पण पाय उठेनात.

"मरणाआधी पास्कोलनं निरोप धाडला होता," ती शेवटी म्हणाली. "रिक्षावाला चांगदेव घेऊन आला. एकदा ये म्हणे, मला तुझी माफी मागायचीय. मी गेले न्हाय. पोरांनाही कळू दिलं न्हाय. मरू दे तसाच, असं वाटलं मला." आणि तिला रडू फुटलं.

"देवच तुम्हाला बोलावतोय, जुआनाबाई. म्हणून तर हे तोंडातून निघालं. तुम्हालाही माफी आहे."

"तिला दिलीत तीच?"

"तीच. दुसरी नसते."

हे तिला मुळीच रुचलं नाही. तरी तिने मान खाली घातली.

बाहेर रेजीना शेवटच्या बाकावर जपमाळ घेऊन बसली होती. जुआना तिच्यासमोर थांबली. "शेवटी काय बोलला तो?"

"तुम्ही याल म्हणून दार लावू देत नव्हता. सेवा मी करायची, आणि वाट तुमची बघायची. मी जळायचे, जुआनाबाय. तरी निरोप पोचला नसेल, असं सांगून त्याची समजूत घालायचे."

जुआना क्षणभर सुखावली. मग त्या सुखाचीच तिला लाज वाटली.

"पोचला होता," ती म्हणाली. "मीच आले न्हाय."

रेजीना बाकावर जरा सरकली. जुआना बसली, मध्ये हातभर जागा सोडून.