दोन हजारांतले शेवटचे नऊ

मित्रांनो, मुठीत मावेल एवढाच मी, मोजणीचा एक जुना काउंटर आहे. माझ्या पोटावर चार खिडक्या, डोक्यावर एक बटण आणि कुशीला एक चाक आहे. बटण दाबले की 'टिक' होते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. चाक फिरवले की सगळे शून्य होते. एवढेच माझे शरीर आणि एवढीच माझी अक्कल. पण त्या अकलेचा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात माझी स्प्रिंग बसवणाऱ्या बाईने मला शंभर वेळा दाबून पाहिले. शंभराचे शंभर दिसल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "हा काही खोटं बोलायचा नाही." ते वाक्य मी आयुष्यभर अंगावर मिरवले.

पुढे रस्ते खात्यात मी एका मोजणी कारकुनाच्या हाती आलो. रस्त्याकडेला खुर्ची टाकायची आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजायच्या, हे त्यांचे काम. तो आकडा बघून सरकार रस्त्याला निधी देते. पाचशेच्या आत असेल तर खड्ड्यांत माती, पाचशेच्या वर गेला तर डांबर, आणि दोन हजार झाले की मोठा रस्ता. गाडीत कोण बसले आहे हे मी कधी पाहिले नाही. पाहायचे नसतेच.

मतदारसंघाच्या टोकाला एक वस्ती होती. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आकडा आला एकशे त्रेचाळीस. रस्ता धड नाही म्हणून गाड्या येत नव्हत्या, आणि गाड्या येत नाहीत म्हणून रस्ता होत नव्हता. आमची खुर्ची एका खिडकीखाली होती. खिडकीत शिवणयंत्र आणि यंत्रामागे एक मावशी. त्यांचे यजमान एकेकाळचे सुतार. आता त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले होते आणि आठवड्यातून दोनदा शहरातल्या रुग्णालयात डायलिसिसला जावे लागे. अठरा किलोमीटरला दीड तास. बसमध्ये हाडे खिळखिळी होत. मावशींनी त्यांच्यासाठी चिंध्या भरून एक गादी शिवली होती, तरी परत आले की दोन तास ते बोलत नसत.

तीन वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर, पुन्हा मोजणी निघाली. आदल्या दिवशी खुर्ची ठेवायला गेलेल्या कारकुनांना मावशींनी चहा दिला. माणूस मऊ होता. चहा पिता पिता बोलून गेला की पाचशे तरी लागतात हो. झाले! सकाळी सहाच्या ठोक्याला वस्तीतल्या सव्वीस गाड्या रस्त्यावर हजर. दूधवाल्याची तीनचाकी, गवंड्याचा ट्रॅक्टर, मोटारसायकली, झाडून सगळे. पुलापर्यंत जायचे, वळायचे, खाणीपर्यंत यायचे, पुन्हा वळायचे. दूधवाल्याच्या तीनचाकीचा एक दिवा फुटलेला होता. ती काणी गाडी माझ्यासमोरून सत्तरच्या वर वेळा गेली असेल. कारकून प्रत्येक वेळी तिच्याकडे न बघता बटण दाबत. नियमात गाड्या मोजायच्या होत्या, तोंडे नाहीत.

साडेनऊलाच पाचशे झाले. तेव्हाच थांबले असते तर डांबर पडले असते आणि माझी गोष्टही इथेच संपली असती. पण जास्त झाले म्हणून कुणाचे काय बिघडते, असे सगळ्यांना वाटले. पावणेसहाला टाक्या कोरड्या पडल्या आणि गाड्या थांबल्या. माझ्यावर एक हजार नऊशे एक्क्याण्णव होते.

"नऊ राहिले," कारकून म्हणाले. "दोन हजार झाले असते तर थेट मोठा रस्ता होता. वीस मिनिटांत रुग्णालय."

रस्ता रिकामा होता. मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला उचलले. बोटावर शिवणाची पितळी टोपी तशीच होती. त्या टोपीने त्यांनी मला नऊ वेळा दाबले. कारकुनांनी मान फिरवली. मागे यजमान चिंध्यांच्या गादीवर बसून हसत होते. आणि मी, कधीही खोटे न बोलणारा, मुकाट्याने नऊ वेळा टिकटिकलो.

निधी आला. निवडून आलेल्या साहेबांनी सभेत मला उंच धरून दाखवले आणि आकडे खोटे बोलत नाहीत असे सांगितले. टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले, लाज वाटायला हवी होती.

मग आखणी करायला अभियंता आला. त्याने चुन्याची रेघ मारली ती खिडकीच्या आतून, शिवणयंत्राच्या पायाजवळून. मावशी म्हणाल्या, आहे तोच रस्ता नीट करा की. तो सभ्य माणूस होता. त्याने कागद उलगडला.

"मावशी, दिवसाला दोन हजार गाड्या जातात इथून. एवढ्या रहदारीला हा बोळ कसा पुरेल?"

खरे सांगावे तर सगळी वस्ती खोटी ठरत होती, आणि शेवटचे नऊ तर त्यांचे स्वतःचे होते. मावशींनी अभियंत्यासोबत आलेल्या कारकुनांकडे पाहिले. त्यांच्या पेन्शनला तीन महिने उरले होते. त्यांनी मला खिशात खोल सरकवले.

घर गेले. मागच्या बाजूला एक खोली मिळाली. रस्ता मात्र अप्रतिम झाला. मधे छातीएवढी भिंत, कडेला पाटी: तीनचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. म्हणजे ज्यांनी फेऱ्या मारल्या त्यांतल्या निम्म्यांना प्रवेशच नाही. रुग्णालय खरोखर वीस मिनिटांवर आले, फक्त बस वस्तीवर थांबेनाशी झाली. वेगवान रस्त्यावर मधेच थांबा देता येत नाही. जवळचा थांबा चार किलोमीटरवर. मोटारसायकलवर यजमानांना बसवत नव्हते, आणि चार किलोमीटर चालणे त्यांना या जन्मात जमणार नव्हते.

निवृत्त झाल्यावर कारकून मावशींकडे आले आणि मला त्यांच्या पुढ्यात ठेवले. खात्यात आता कॅमेरा मोजतो, याला कुणी विचारत नाही, तुम्ही ठेवा, म्हणाले. खरे तर माफी मागायला आले होते.

मावशींनी त्यांना चहा दिला. "पेन्शन सुरू झाली ना?" त्यांनी विचारले. "मग बरं झालं."

त्यानंतर रुग्णालयाच्या दिवशी मावशी यजमानांना गादीवर बसवून रस्त्याच्या कडेला उभ्या राहू लागल्या. सुरुवातीला एखादा चालक दया येऊन थांबे. मग चालकांना नोटीस गेली. बस दिसली की मावशी हात करायच्या. बस गेली की मला दाबायच्या, आणि घरी परतल्यावर चाक फिरवून शून्य करायच्या. एका मंगळवारी सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत असेच चालले.

"किती झाल्या?" यजमानांनी विचारले.

"नऊ."

"मग पुरे. घरी जाऊ."

गुरुवारपर्यंत ते राहिले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, आम्ही खूप टिकतो. आणि आमच्यावरचा आकडा वाचताना एकदा मान वर करून रस्त्याकडेही बघा, कारण आम्हाला रस्ता दिसत नाही. मी आता मावशींच्या शिवणयंत्राच्या खणात असतो. कुशीचे चाक फिरवले की शून्य होते, हे त्यांना ठाऊक आहे. सुईदोरा काढताना रोज त्यांचा हात मला लागतो. त्या मंगळवारनंतर चाक त्यांनी अजून फिरवलेले नाही.