पाठराखीण आधी निघाली

तिच्या सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या. सकाळी डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन, आज-उद्याचंच आहे, असं सांगितलं होतं. वर दाराशी गर्दी करायची नाही, हा तिथला नियम. पेशंटचं काही कमीजास्त झालं की नर्स निरोप टाकणार, तो नातेवाइकांच्या फोनवर येणार, मग जिना चढायचा. तोवर सगळ्यांनी खालच्या खोलीत बसून राहायचं.

निरोपांची ती व्यवस्था चालवत होती तिचीच कंपनी. त्यामुळे कुणाचा फोन वाजला आणि माणूस धडपडत उठला, की तिचीही नजर त्याच्यामागे जिन्यापर्यंत जायची.

समोरच्या खुर्चीत एक म्हातारे शिंपी बसले होते. त्यांची बायको वर होती. इथे खाली तिच्या मांडीवरच्या लेकीकडे ते मघापासून बघत होते.

“फ्रॉक कुणी शिवलाय? एक बाही रुसलीय.”

“मीच, काका.”

“मग चांगला आहे,” ते म्हणाले. “माझी बायको पहिल्यांदा शिवायला बसली तेव्हा गळाच ठेवला नव्हता. तरी मी चांगलाच म्हणालो.”

नवरा बऱ्याच वेळाने हसला. तेवढ्यात तिच्या ऑफिसातल्या बोक्याचा मेसेज आला. पाय न वाजवता येतो-जातो म्हणून त्याला सगळे बोका म्हणत. ‘निरोप-यंत्रणेची नवीन आवृत्ती चढवली. काही कुरकुर नाही. तू सासूबाईंकडे बघ.’

सवयीने तिने फोनवरच यंत्रणेच्या नोंदी उघडल्या. तिथे लाल ओळी दिसल्या. नव्याला जागा देत जुना कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात चालतो तो डबा, बंद होताना त्याचे निरोप घ्यायला पलीकडे कुणी नव्हतं, असं त्या सांगत होत्या.

तिने लेक नवऱ्याकडे दिली आणि बोक्याला फोन लावला.

“पाठराखीण कुठे ठेवलीस?”

त्यांच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र राबणाऱ्या सर्व्हरांच्या त्या ताफ्यात, ठिकठिकाणी निरोप तयार करणारा एकेक मुख्य कंटेनर असे. त्याला लागून एक मदतनीस कंटेनर. मुख्याने निरोप मदतनिसाच्या हाती द्यायचे, मदतनिसाने ते फोनांपर्यंत पोचवायचे. या मदतनिसाला ऑफिसात पाठराखीण म्हणत. मुख्याच्या आधी यायचं आणि त्याचं सगळं आवरलं की मगच निघायचं, एवढीच पाठराखणीची शिस्त. ही शिस्त पाळली जायची ती पाठराखणीचं नाव वेगळ्या, आधी येणाऱ्यांच्या यादीत असल्यामुळे.

“मुख्याबरोबर, एकाच यादीत,” बोका म्हणाला. “सुटसुटीत दिसतं ना. का गं?”

“अरे, मग बंद व्हायचा हुकूम दोघांना एकदमच जातो. पाठराखणीचे हात रिकामे असले की ती निघून जाते. मुख्याकडे उरलेलं कुणाच्या पदरात पडणार?”

तो यादी बघू लागला. मग हळूच म्हणाला, “चाचणीत काही उरलंच नव्हतं गं. म्हणून कळलं नाही. आणि तूही सकाळी या बदलाला होकार दिलास.”

दिला होता. लेक अंगावर पीत असताना, एका अंगठ्याने फोनचा पडदा सरकवत. ती ओळ डोळ्यांखालून गेली होती. वाचली मात्र नव्हती.

“कुणाकुणाचे निरोप होते?”

“ते मुख्याबरोबरच गेले. आता नाही कळणार. पुढचे जातायत, पण अजून जुने कंटेनर बंद होतायत, त्यातले...”

“थांबव आधी. यादी बदल.”

फोन ठेवून तिने खोलीभर नजर फिरवली. कुणी पेपर चाळत होतं, कुणी डुलक्या घेत होतं. यातल्या कुणाला तरी बोलावणं धाडलं गेलं होतं आणि ते वाटेतच नाहीसं झालं होतं. कदाचित तिच्या नवऱ्यालाच.

ती उभी राहिली. “सगळ्यांनी वर चला. निरोपाची वाट बघू नका. यंत्रणा बिघडलीय.”

“वर ओरडतात हो,” कुणीतरी म्हणालं.

“ओरडू देत. माझं नाव सांगा.”

सगळे जिन्याकडे धावले. शिंपीकाकांचे गुडघे साथ देईनात, म्हणून तिने त्यांना हात दिला. वर तिचा नवरा लेकीला घेऊन काचेपाशी उभा होता. आईचा श्वास चालू आहे, असं त्याने मानेनेच सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला आणि पडताक्षणीच तिला त्याची लाज वाटली, कारण शेजारच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

नर्स शिंपीकाकांना म्हणाली, “आजोबा, निरोप पाठवला होता हो. आजी शेवटपर्यंत तुम्हाला विचारत होत्या. फार वाट बघितली आम्ही.”

काकांनी हातातला फोन डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट केला. “वाजला असेल. मलाच ऐकू आला नसेल. कान कामातून गेलेत माझे.”

नर्सने मान हलवली. कुणी काही विचारलं नाही. बोक्याला फोन करून, सगळं गुपचूप नीट करून, इथून निघताही आलं असतं.

“काका,” ती म्हणाली. “तुमचे कान ठीक आहेत. निरोप तुमच्यापर्यंत आलाच नाही. ती यंत्रणा आमची आहे, आणि चूक सकाळी माझ्या नजरेखालून गेली. मी नीट वाचलं असतं तर तुम्ही वेळेत आला असतात.”

काका चिडतील, हात उचलतील, असं तिला वाटलं. तिची तयारी होती.

“म्हणजे वाजला असता, तर मला ऐकू आलं असतं,” ते म्हणाले.

“आलं असतं.”

“तिला सांगतो तसं.” त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पडदा बाजूला करून ते आत गेले.