शुद्ध उच्चार

प्रश्न विचारून झाला होता आणि अंगणातली सगळी तोंडं मनकर्णेकडे वळली होती. लिंबाखाली बाजेवर बसलेली परदेशी पाहुणी मांडीवर हॅट धरून वाट पाहत होती. तिच्या शेजारी नगरच्या बोर्डिंगच्या सिस्टर फिलोमिना कौतुकानं मान पुढे काढून बसल्या होत्या. ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या सहादेवानं, मनकर्णेच्या बापानं, पटका सोडून पुन्हा नीट बांधला. जणू उत्तर त्यालाच द्यायचं होतं. दारातल्या जीपच्या तापल्या टपावर एक कावळा टेकू पाहत होता आणि पाय भाजून पुन्हा पुन्हा उडत होता.

प्रश्न मनकर्णेला कळला होता. कळला नसता तर बरं झालं असतं. तिथं तू काय शिकलीस, एवढंच त्या बाईनं स्पॅनिशमध्ये विचारलं होतं.

अकरावी झाल्यावर शाळेनं तिला स्पेनमधल्या एका कॉन्व्हेंटच्या शाळेत वर्षभर पाठवलं होतं, भाषेच्या सरावासाठी. नगरला ती भाषा पुस्तकावरून शिकवणारी गोवेकर सिस्टर म्हातारी झाली होती; मनकर्णेनं शिकून यावं आणि तिची जागा घ्यावी, असा बेत होता. मनकर्णा परत यायच्या आत म्हातारी वारली. आता पंचक्रोशीत ही भाषा जाणणारी म्हणून मनकर्णाच काय ती उरली होती. वाटखर्च देणाऱ्या संस्थेकडून पाहुणी आली होती ती जाऊन आलेल्या मुलीचं ऐकायला, आणि जाणाऱ्या मुलीचं पक्कं करायला. जाणारी मुलगी शेजारच्या रंगुबाईची चांगुणा. ती ओट्याच्या खांबाला टेकून, वेणीचं टोक ओठांत धरून उभी होती.

"बोल की गं," भावकीतला गोरक्ष म्हणाला. "का येताना समिंदरात बुडाली भाशा?"

कुणीतरी फिसकन हसलं. सहादेवाच्या जबड्याची शीर हलली. मनकर्णा निघाली तेव्हा याच गोरक्षानं, पोरगी बाटवून धाडतील, असं पारावर बसून साऱ्या गावाला ऐकवलं होतं. आणि सहादेवानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. परतल्यावर नगरच्या स्टँडवर त्यानं लेकीला एकच विचारलं होतं, "शिकलीस न्हवं?" तिनं मान डोलावली होती. त्या डोलावलेल्या मानेवर सहादेव तेव्हापासून गावात ताठ चालत होता.

मनकर्णेनं पदराखाली हात घेतले आणि बोलायला सुरुवात केली.

"आग्वा फ्रीया," ती म्हणाली. "हाबोन. साबानास."

थंड पाणी. साबण. चादरी. एकदा पहिला शब्द सुटल्यावर पुढचे आपोआप येऊ लागले, दोरीवरून एकामागून एक ओढून घ्यावेत तसे. पीळ. अजून जोरात. झटक. वाळत घाल. लवकर. हा डाग राहिला. पुन्हा. गप्प बस. ते शब्द तिच्या जिभेवर नव्हतेच. कोपरापासून बोटांपर्यंत ते मुरले होते आणि तिथूनच वर येत होते. सूरही त्यांच्याबरोबर आला, खडा, घाईचा, वरून खाली आपटणारा. वाक्य एकही नव्हतं. पण अंगणात वाक्यं मोजणारं कोण होतं?

"आयला, रेडिओवानी!" कुणीतरी म्हणालं.

"एक शबूद अडला न्हाई बगा."

गोरक्ष तंबाखू मळायचा थांबला. सहादेवानं लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं आणि बराच वेळ मान खाली घेतली नाही. सिस्टर फिलोमिनांनी हलक्या हातानं टाळी वाजवली.

पाहुणीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. फक्त त्या हसण्यामागचं कुणीतरी उठून गेलं. तिची नजर मनकर्णेच्या पदरापाशी आली, जिथं हात होते, आणि तिथंच थबकली. मनकर्णा थांबली. आता ही बाई बोलेल, तिला वाटलं. ही बोलली तर मला बोलावं लागणार नाही.

पाहुणीनं हॅटची कड बोटांनी सरळ केली.

"मुय ब्येन," ती हळूच म्हणाली.

"फार छान, असं म्हणाल्या," सिस्टरांनी सर्वांना सांगितलं. तेवढं त्यांनाही येत होतं. "मनकर्णा, आता चहा आण बाळ. मग चांगुणाचं बघू."

स्वयंपाकघरात काळोख होता आणि धुराचा जुना वास. टँकरचं पाणी हंड्यात तळाला गेलं होतं. मनकर्णेनं ते तांब्यानं न ढवळता, गाळ बसलेला राहील असं, वरच्यावर काढून घेतलं. मागून चांगुणा आली आणि चुलीपाशी उकिडवी बसली.

"काय बोललीस गं! माझ्या अंगावर काटा आला."

मनकर्णेनं आधणात गूळ टाकला.

"चांगुणा, तू जाऊ नगंस."

"का?"

"तिथं शाळा हाय, पर आपल्यासाठी न्हाई. मी कापडं धुतली. सालभर."

चांगुणानं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग फुंकणीनं चूल फुंकली. जाळ उजळला.

"मग? हितं काय धुनं सुटलंय व्हय? हितं तर धुवायला पानी बी न्हाई. सुट्टीत दुस्काळी कामावर तलावाची माती वाहती मी, रेशनच्या मिलोची भाकर खाती. आन उन्हाळा सरला की आत्याच्या पोराच्या गळ्यात." ती हसली, पण आवाज हसला नाही. "तू इमानात बसून गेलीस, इमानात बसून आलीस. आन मला म्हनती, नगं."

"मी जळून न्हाई सांगत."

"मग हितं चुलीपाशी का सांगती? जा की भाईर. तुज्या बापाला सांग, साऱ्या मान्सांत. मी न्हाई जायची मग."

मनकर्णेनं दाराकडे पाहिलं. चौकटीत अंगणाचा लख्ख तुकडा दिसत होता. त्यात सहादेव पाहुणीपुढे वाकून काहीतरी समजावत होता. हातांनी विमान करून दाखवत होता, मग समुद्र, मग बर्फ पडतो तसा बोटांचा पाऊस. गोरक्ष त्याच्या शेजारी उभा राहून मान डोलावत होता. वर्षभरानं त्या दोघांच्या सावल्या एकमेकींना लागल्या होत्या.

चहा वर आला, तिनं भांडं उचललं.

परवाच सहादेवानं हौसेनं विचारलं होतं, तिकडं पानी लई असंल न्हाई? लई हुतं, ती म्हणाली होती. बोटांच्या भेगा पाहून आईनं विचारलं तेव्हा, थंडीनं, असं सांगितलं होतं. यातलं काही खोटं नव्हतं. एकही खोटा शब्द न उच्चारता माणूस स्वतःभोवती किती उंच भिंत रचू शकतो, याचं तिला अलीकडे नवल वाटेनासं झालं होतं. तिकडे भिंत तरी दगडाची होती. धुण्याच्या तळघराला वर एक गजांची खिडकी होती. तिच्यातून वर्गातल्या मुलींचे बूट दिसत, आणि त्या धडा वाचू लागल्या की त्यांचा आवाज पाण्यावर पडे. पुस्तकातली वाक्यं मनकर्णेला पहिले काही दिवस आठवत होती. ती म्हणून दाखवावीत असं कुणी भेटलं नाही. मग ती विरली, उन्हात ठेवलेल्या रंगासारखी.

एकच उरलं होतं. ते तिनं स्वतः जुळवलं होतं, नगरला शिकलेले शब्द आठवून आठवून, आणि एका सकाळी चादरींची चळत पोचवताना मोठ्या सिस्टरपुढे उभं राहून म्हटलं होतं. मला माझ्या घरी परत जायचंय. मोठ्या सिस्टरनं चष्मा काढला. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, तो 'व' नव्हे; आमच्या भाषेत तिथं 'ब' म्हणतात. पुन्हा म्हण. मनकर्णेनं पुन्हा म्हटलं. अजून एकदा. शब्द स्वच्छ होईतो तिनं ते म्हणवून घेतलं, मायेनं गालावर थोपटलं, आणि मागं वळून निघून गेली. त्या वर्षातला भाषेचा सराव म्हणतात तो एवढाच.

"रागावलीस?" चांगुणा कपबशा पुसत म्हणाली. "बरं, ऱ्हाऊ दे. मला एक वाक्य तरी दे. बाईम्होरं म्हणंन. त्या म्हाताऱ्या सिस्टर वारल्या आन आमची शिकवणीच बुडाली. मुकीवानी कशी हुबी ऱ्हाऊ?"

मनकर्णा चहा गाळत होती. धार थांबली.

"म्हणशील?"

"म्हणंन की."

"किएरो बोल्बेर आ मी कासा."

चांगुणानं ते तोंडात घोळवलं, नवीन दागिना हातावर फिरवून पाहावा तसं; नगरच्या शिकवणीतला 'व' मात्र जिभेवर आलाच. "किएरो व्होल्व्हेर…"

"व न्हाई. ब. बोल्बेर."

"बोल्बेर. म्हंजी काय?"

मनकर्णेनं पदर खोचला आणि ताट तिच्या हातात दिलं.

"मला तिथं हेच शिकवलं," ती म्हणाली. "उच्चार संबाळ."

बाहेर ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत सरकलं होतं आणि बाजा आणखी आत ओढल्या होत्या. चांगुणानं पाहुणीपुढे कप धरला. पाहुणीनं तो घेतला, ओठाला लावला, आणि खाली ठेवला. ती मनकर्णेकडे पाहत नव्हती. न पाहण्यासाठी तिला बरेच कष्ट पडत होते.

"ही चांगुणा," सिस्टर फिलोमिना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "अभ्यासात हुशार. शिस्तीची. आई तयार आहे ना, रंगुबाई?"

"तयारच हाय," रंगुबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली. "सहादूभाऊंच्या पोरीवानी माझ्या पोरीचं बी सोनं व्हऊ द्या. मनकर्णा, बरं हाय न्हवं गं तिकडं सगळं?"

सहादेवानं लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. गेल्या उन्हाळ्यापासून एकट्यानं उचलून धरलेलं काहीतरी होतं, आणि आता दुसऱ्या बाजूनं हात लावायला तो तिला बोलावत होता.

"चांगुणा काहीतरी म्हणून दाखवणार आहे," मनकर्णा म्हणाली.

"अरे वा!" सिस्टर म्हणाल्या. "कुणी शिकवलं? तूच ना? बघा, आत्ताच शाळेतली बाई झाली की ही!"

लोक हसले, सरसावून बसले. चांगुणानं वेणी पाठीवर टाकली. हात जोडले, मग जोडावेत की नाही ते न कळून पुन्हा सोडले. तिचा चेहरा धुतल्यासारखा उजळला होता. ती पाहुणीच्या डोळ्यांत बघून, शाळेत कविता म्हणतात तशा ठसक्यात म्हणाली,

"किएरो व्होल्व्हेर आ मी कासा."

पाहुणीच्या हातातली बशी वाजली.

तिनं चांगुणाकडे पाहिलं, या अजून कुठंही न गेलेल्या मुलीकडे. मग इतका वेळ चुकवलेली मान तिनं वळवली. मनकर्णा दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं पदराखालचे हात बाहेर काढले होते आणि ते पुढे सरळ सोडून दिले होते, तपासणीला उभं राहावं तसे.

"काय झालं?" सिस्टर फिलोमिनांनी विचारलं. "चुकलं का काही? मग चांगुणाचं पक्कं समजायचं ना?" त्यांनी तेच इंग्रजीत विचारलं, मग खुणेनं.

पाहुणी उठली. हॅट बाजेवरच राहिली. उघड्या डोक्यानं ती उन्हात उतरली आणि जीपच्या दिशेनं चालू लागली. तिच्या पायांखाली वाळलेला लिंबाचा पाला चुरत होता. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली.

"अवं बाई, च्या…" रंगुबाई म्हणाली.

चांगुणाच्या चेहऱ्यावरचा उजेड डळमळला. आपलं कुठं चुकलं ते तिला एकाएकी आठवलं. ती त्या पाठमोऱ्या बाईच्या मागे धावली आणि सगळा जीव एकवटून, या खेपेला अगदी स्वच्छ, ओरडली,

"बोल्बेर! किएरो बोल्बेर आ मी कासा!"

पाहुणी थांबली नाही.