खालची बिजागरी

स्वयंपाकघराच्या दाराची खालची बिजागरी सुटली आणि दिवाळी यायच्या आत माझ्या हातून माझ्या पोराचा हात मोडला. कसा मोडला ते सांगतो.

माझी बायको रुपीबाई उन्हाळ्यात वारली. शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाला, छातीत धूर बसला आहे. घरात गॅस होता, पण ती भाकर चुलीवरच करायची. चूल तिने स्वतःच्या हाताने घातली होती, दोन तोंडांची, कोपऱ्यात. सण आला की पांढऱ्या मातीने सारवायची.

आमच्या तांड्यात दिवाळीला धबुकार देतात. चुलीतले निखारे पुढे ओढायचे, त्यावर लापशी आणि तूप घालायचं, उजव्या हाताने भोवती पाणी फिरवायचं आणि घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायची. आई, आमच्या बोलीत याडी, गेली असेल तर तिच्या पहिल्या दिवाळीला आधी मुलाने द्यायचा, अशी आमच्या घरची रीत आहे. रुपीबाईची ही पहिली दिवाळी होती. तिचा धबुकार तिच्याच चुलीवर व्हावा, एवढंच मला हवं होतं.

दसऱ्याच्या आसपास ते दार जमिनीला घासायला लागलं. मी पेचकस घेऊन बसलो. स्क्रू जागच्या जागी फिरायचा, धरायचा नाही. मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा. मी दाराला लाथ मारली, तर चौकटीचा पायच तुटून आला. आत लाकूड नव्हतं, उधईने खाऊन केलेली माती होती.

पांढरकवड्याहून निजामुद्दीन मिस्त्रीला बोलावलं. माझा गोठा त्यानेच बांधला होता.

"चौकट बदलू, धनसिंगभाऊ," तो म्हणाला. "दुपारच्या चहापरेंत घरी जातो मी."

चौकट ओढली तशी वरची लाकडं खाली आली. एक त्याच्या खांद्यावर बसलं. तो शिवी देऊन मागे सरला आणि आमच्या डोळ्यांसमोर भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. तडकलेल्या जागी माती उकरली तर पाया पोकळ. घुशीचं बीळ होतं.

तेवढ्यात इंद्रजीत कामावरून आला. तो माझा एकुलता एक पोरगा. हायवेवर ट्रकच्या टायरच्या दुकानात काम करतो, दंड मांडीएवढे आहेत. बिळातून घूस बाहेर पळाली. त्याने फावडं उचललं आणि एका फटक्यात तिची कंबर मोडली. मग डोकं. मग नुसताच मारत राहिला. त्याची बायको वर्षा घराच्या दारातून म्हणाली, "अहो, मेली ती. बस करा." फावडं खालच्या दगडाला लागून ठिणगी उडाली तेव्हा तो थांबला. पायजम्यावर रक्त होतं.

मिस्त्री खांदा चोळत म्हणाला, "ही भीत नाही राहत. आज पाडा, नाही तर एखाद्याच्या डोक्यावर पडू द्या."

"एकच कायले?" इंद्रजीत म्हणाला. "चारही पाडा. ओटा टाकू, टाइल्स लावू, वरतून स्लॅब."

"मले बिजागरी लावाची होती," मी म्हणालो.

"कायले लावतं, बा? चौकट नाही, भीत नाही."

मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "पाडा काय पाडाचं ते. चुलीचा कोपरा दिवाळीपरेंत राह्यला पाहिजे."

इंद्रजीत फावडं धुवायला निघून गेला. मला वाटलं, कबूल आहे.

पाडायला मीही घन घेतला. पहिला घाव घातला आणि हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा घातला. मग मला थांबताच येईना. भिंतीचा एक एक पोपडा पडे आणि मला आणखी हवा वाटे. हाताचे फोड फुटून दांडा ओला झाला.

"भाऊ, भीत आहे ते," मिस्त्री म्हणाला. "दुश्मन नाही."

त्या रात्री मी पोटभर जेवलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

तीन भिंती गेल्या, छप्पर गेलं. कोपरा तेवढा उभा होता. वर मी बांबू रोवून टिनपत्रा टाकला, चूल झाकून ठेवली. इंद्रजीत कामावरून आला की त्या पत्र्याला वळसा घालून जायचा, तिकडे बघायचा नाही.

एक दिवस मी आणि मिस्त्री लोखंडी चौकट आणायला पांढरकवड्याला गेलो. परत आलो तर अंगणात पत्रा उलटा पडलेला, बांबू मोडलेले. वर्षा तोंडाला पदर लावून उभी होती.

"मामाजी, मी थांबा म्हटलं. ऐकूनच नाही राह्यले."

इंद्रजीत कोपऱ्यात होता. दुकानातला घन घेऊन आला होता, टायर ठोकायचा. चुलीचं एक तोंड फुटलेलं होतं. नाक गळत होतं त्याचं, पुसत नव्हता.

"ठेव खाली," मी म्हणालो.

"हिनंच खाल्लं याडीले."

"दिवाळीपरेंत म्हटलं होतं मी."

"कायची दिवाळी? रोज पाहत होतो मी. फुकू फुकू निळी होये ती. खोकला थांबे नाही. आन् तू बाजूले बसून गरम भाकर खात होता. एक दिवस तरी म्हटलं तिले, गॅसवर कर म्हणून?"

आणि त्याने घन वर उचलला.

माझ्या पायाशी पहार पडली होती. ती मी कधी उचलली ते मला कळलं नाही. त्याच्या उजव्या हातावर बसली, कोपराच्या खाली. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. घन त्याच्या हातातून सुटला आणि सरळ चुलीवर पडला. जे तोंड वाचवायला मी मारलं, त्याचा भुगा झाला.

तो ओरडला नाही. डाव्या हाताने वीट उचलून त्याने माझ्या कानावर मारली. मी विटांच्या ढिगावर पडलो. पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, तोही पडला. मी त्याच्या छातीवर बसलो. त्याने माझा गळा धरला, डाव्या एका हाताने, आणि दाबला. मी त्याच्या मोडलेल्या हातावर मूठ मारली. हे मी समजून मारलं.

मिस्त्री मध्ये पडला. मला काखेत धरून त्याने मागे ओढलं, तेव्हा इंद्रजीतने फेकलेली वीट त्याच्या तोंडावर बसली. तो रक्त थुंकला, बोटाने दात चाचपला.

"मारो," तो म्हणाला. "पहले मेरेकू मारो. बाद में बाप-बेटे देख लेना."

मग कोणी कोणाला मारलं नाही.

दवाखान्यात इंद्रजीतनेच सांगितलं, भीत पडली म्हणून. बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर घातलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. निरोप असला की वर्षा आणायची.

काम थांबलं नाही. मिस्त्री सुजलेल्या ओठाने विटा रचत राहिला. स्लॅब पडला, काळ्या दगडाचा ओटा झाला, त्यावर गॅस आला. लोखंडी चौकटीत नवीन दार बसलं. एका बोटाने लोटलं तरी फिरतं.

चुलीची ढेकळं मी फेकू दिली नव्हती. दिवाळीच्या दिवशी अंगणात ती मांडली, मध्ये गोवऱ्या पेटवल्या. वर्षाने लापशी गॅसवर केली. निखारे झाले तसा इंद्रजीत बाहेर आला आणि उकिडवा बसला.

त्याने डावा हात पुढे केला, मग मागे घेतला. उजव्या हाताच्या बोटांत चमचा धरायला गेला. चमचा पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. मी त्याच्या मागे जाऊन प्लास्टरखाली हात घातला.

"हात नको लावू."

मी हात काढला. चमचा तिसऱ्यांदा पडला. मग माझ्याकडे न बघता त्याने कोपर बाजूला केलं. मी चमचा त्याच्या बोटांत बसवला, त्यावर माझी मूठ आवळली आणि हात उचलला. त्याच्या तोंडून कण्हल्यासारखं निघालं.

लापशी पडली. तूप पडलं तसा जाळ उठला. त्याने पाणी फिरवलं, म्हणजे मी त्याचा हात फिरवला.

"याडी," तो म्हणाला. नाव त्याला घेता आलं नाही. मी घेतलं.

विस्तव निवेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मग तो उठला.

"झालं ना आता?"

"झालं."

त्याने टाचेने एक ढेकूळ फोडलं. मग दुसरं. मी अडवलं नाही. शेवटचं मोठं होतं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर अजून होता. एका हाताने तोल जात होता त्याचा, दोनदा पाय मारला तरी फुटलं नाही.

ते मी फोडलं.