तयार घ्यायचा की जोडून

करुणाचा लॅपटॉप काम करताना असा घरघरायचा, की कडुबांना विहिरीवरच्या जुन्या मोटारीची आठवण व्हायची.

"बेअरिंग गेलंय याचं," ते म्हणाले.

"आबा, यात बेअरिंग नसतंय."

"पंखा हाय ना आत? मंग बेअरिंग हाय."

चाळीस वर्षं पिशोर गावी जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या आजोबांशी पंख्यावरून वाद घालण्यात नातीला अर्थ दिसला नाही.

करुणा शहरात गारखेड्यातल्या दोन खोल्यांत बसून अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म तयार करत असे. बघणाऱ्याला वाटावं, आपण आत्ताच जिना चढून वर आलो आणि खिडकीतून ऊन अंगावर पडतंय. पुण्याच्या एका कंपनीनं तिला एका दवाखान्याची तीन मिनिटांची फिल्म करायला सांगितली होती. अठरा तारखेला हातात पडली आणि आवडली, तर वर्षभराचं काम तिचं. पण दहा सेकंदांच्या फिल्मला लॅपटॉप दोन दिवस घेई. कडुबांनी बोटांवर हिशोब केला. छत्तीस दिवस. हातात होते वीस.

तेव्हा मोठा, ताकदीचा कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरलं. तिची शिल्लक होती, कडुबांनी आपली ठेव मोडली. अडलं ते पुढं. तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडून घ्यायचा?

जालना रोडवरच्या दुकानात तयार मशीन काचेच्या पेटीत झगमगत होतं. तीन वर्षांची वॉरंटी, घरी न्या, वायर लावा, कामाला लागा. फक्त पेटीचं सील तोडायचं नाही.

"तयारमधी निम्मे पैसे दिव्यांचे, आबा," करुणा म्हणाली. "तेवढ्यातच जोडून घेतला तर ग्राफिक्स कार्ड लई दणकट येतं. माझं सगळं काम त्याच्यावरच चालतं."

उभा जन्म वस्तू उघडण्यात गेलेले कडुबा तिच्या बाजूनं बोलतील असं कुणालाही वाटलं असतं. ते उलट बोलले. "दहा कंपन्यांचे दहा भाग. बंद पडलं की हा म्हणणार त्याचं खराब, तो म्हणणार ह्याचं. मी बघितलंय. पंप एकाचा, मोटार दुसऱ्याची, स्टार्टर तिसऱ्याचा, अन् माणूस तीन दुकानांच्या मधी उभा. तयार घे. एकाच मानेला धरता येतंय."

"एकदा फारूखचाचांकडं तर चला."

फारूखचं दुकान पैठण गेटजवळ, अरुंद जिना चढून वर होतं. त्याची एक रीत होती. सुटे भाग तो देई, टेबल देई, शेजारी उभा राही, पण जोडायचं गिऱ्हाइकानंच. "मशीन तुम्हारी, तो हाथ भी तुम्हारा लगना," असं त्याचं म्हणणं.

कडुबांनी चहा येण्याआधीच विचारलं, "अन् बंद पडलं तर?"

"मेरे पास लाना चाचा. कंपनीकू मैं देख लेता."

"असं बोलाया सगळेच बोलतेत."

फारूखला राग आला नाही. साफसफाईला आलेलं एक जुनं मशीन त्यानं पुढं ओढलं आणि बाजूचा पत्रा काढला. पत्र्याच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवलेला होता. कुठला भाग कधी बसवला, कुठला बदलला, कुठला पुढं त्रास देईल, सगळं तारखांसकट लिहिलेलं.

"हे कुणासाठी?"

"मेरे बाद जो खोलेगा, उसके लिए. बिचारा अंधेरे में क्यों टटोले?"

कडुबांनी बोट फिरवत तो कागद ओळ न् ओळ वाचला. मोटार भरून झाली की तेसुद्धा आत एक चिठ्ठी ठेवत असत. तार किती जाडीची, वेटोळे किती, तारीख कुठली. ती चिठ्ठी लिहिता यावी एवढ्यासाठीच बेचाळिसाव्या वर्षी ते आपल्या शाळकरी पोराशेजारी पाटी घेऊन बसले होते. त्याआधी चिठ्ठीऐवजी दोऱ्याला वेटोळ्यांच्या हिशोबानं गाठी मारून आत ठेवत. ज्यानं कधी न भेटणाऱ्या माणसाची एवढी काळजी घेतली, तो समोरच्याला फसवणार नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जिना उतरताना ते म्हणाले, "जोडून घे."

तीन दिवसांत भाग आले. फक्त ते बसवायची मोठी पेटी दसऱ्याला येणार होती. आदल्या दिवशी खंडेनवमी. कडुबांनी भागांची खोकी घरी मागून आणली. नातीची हत्यारं घरात नसताना खंडेनवमी कशी करायची? फारूखनं "ले जाओ" म्हटलं. खोकी कुणी उघडेल असं त्याच्या मनातही आलं नसावं.

सकाळी करुणा अंघोळीला गेली आणि कडुबांनी देवापुढं पाट मांडला. पक्कड, पाने, भरणीचं जुनं यंत्र नेहमीसारखं धुऊनपुसून ठेवलं. मग एकेक खोकं अलगद उघडलं. बंद खोक्याला कुंकू लावणं त्यांना बरं वाटेना. बंद मोटारीची पूजा त्यांनी कधी केली नव्हती. ग्राफिक्स कार्ड हातात आलं. केवढं वजनदार, आणि खालच्या कडेला सोन्याच्या दातांची बारीक ओळ. दागिन्यासारखी. त्या दातांपेक्षा लावायला योग्य जागा त्यांना दुसरी दिसली नाही. करंगळीनं ओली हळद, ओलं कुंकू. पोरीच्या कामाला यश दे म्हणाले, वाळू दिलं, आणि होतं तसं खोक्यात घातलं.

दसऱ्याला दुपारी फारूखच्या टेबलावर करुणानं मशीन जोडलं. फारूख फक्त बोटानं दाखवी. कडुबा बॅटरीचा उजेड धरून उभे. शेवटी तिनं कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. काळाच.

"कार्ड खराब असेल तर?" करुणानं विचारलं.

"कंपनीकू भेजना पडेगा. पंधरा दिन, बीस दिन."

अठरा तारीख सोळा दिवसांवर होती. करुणानं फक्त स्क्रूड्रायव्हर टेबलावर नीट आडवा ठेवला, आणि कडुबांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

फारूखनं कार्ड उपसून दिव्याखाली धरलं. सोन्याच्या दातांवर लाल-पिवळा थर. कडुबांनीही बघितलं. चाळीस वर्षांत शेकडो मोटारींची जोडणी त्यांनी घासून लख्ख केली होती. कळकट जागेतून वीज जात नाही हे ते पोरासोरांना शिकवत आले होते.

"हे माझ्या हातचं हाय," ते म्हणाले. "काल पूजा केली. दात सोन्याचे दिसले, म्हणलं हितंच लावावं."

करुणा स्टुलावर बसली. "ओलं?"

"व्हय. ओलं."

फारूख कार्ड तिरकं करून बघत होता. "चाचा, दुकान की पहली मशीन पे मेरी अम्मी ने इत्र लगाया था. अंदर से. महक छे महीने आई, मशीन छे दिन चली." मग त्यानं खणातून साधं, शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं आणि कडुबांपुढं धरलं. "आपका लगाया, आपही निकालो. एकही तरफ घिसना. जोर नक्को."

तो स्वतः करू शकला असता. दोन मिनिटांचं काम होतं. पण कडुबांच्या हातात खोडरबर देऊन तो बाजूला झाला, आणि या एका गोष्टीसाठी कडुबा त्याला पुढं जन्मभर मानत राहिले. त्यांनी एकेक दात घासला. नखाच्या टोकाएवढा रंगही राहू दिला नाही. फारूखनं स्पिरिटचा बोळा फिरवला, करुणानं कार्ड पुन्हा बसवलं.

पडदा उजळला. निळसर उजेड तिघांच्या तोंडावर पडला.

"आबा, डोळे पुसा," करुणा म्हणाली. "इथं पाणी चालत नाय."

फिल्म चौदा तारखेलाच पुण्याला गेली. एकवीसला तिकडून फोन आला. वर्षभराचं काम करुणाचं झालं. ती आईला पिशोरला फोन लावत होती तोवर कडुबांनी चप्पल घातली आणि सिटी बस धरली. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

फारूख एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. एक्स-रे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, सोनिया नावाच्या, भारी मशीन पाहिजे, पण तयार घ्यावं की जोडून यात अडकलेल्या. कडुबांनी आपली बातमी सांगितली. फारूखनं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि तीन चहा सांगितले.

"काका, तुम्ही जोडून घेतलं?" बाईंनी विचारलं. "काही बिघडलं तर भीती नाही वाटत?"

"बिघडलं ना. मीच बिघडवलं." मग कडुबांनी हळद-कुंकवापासून खोडरबरापर्यंत सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बाई हसू दाबत ऐकत होत्या. "सील असलेल्या दुकानात मी ही गत केली असती तर त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं, अन् बरोबरच होतं त्यांचं. ह्यानं माझ्या नातीपुढं माझी मान खाली जाऊ दिली नाय. तुम्ही इथंच जोडा, बाई."

चहाचा घोट घेऊन ते पुढं म्हणाले, "फक्त पूजा करायची तर खोक्याला वरूनच करा."