मिनिटाचे चौसष्ट सेकंद

गोथेनबर्गच्या ऑफिसात तूरबोर्गने चिपची मांडणी पुन्हा बदलून पाहिली. भागाकाराचं सर्किट काही केल्या आत मावेना.

गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या कणमापकासाठी ती नखाएवढा प्रोसेसर रचत होती. तिथे किरणोत्साराचा मारा एवढा, की चिपमधला कुठला बिट कधी शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होऊन उलटेल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक बिट तीन ठिकाणी ठेवायचा. एक फितला तर उरलेल्या दोघांचं खरं मानायचं. त्यात जागा तिप्पट जायची.

कणमापक बनवणारा एव्हर्ट स्वीडनच्या पार उत्तरेतल्या किरुनाहून बैठकीला आला. येताना सुकवलेलं रेनडिअरचं मांस घेऊन आला. माणूस हट्टी, पण दिलदार.

"भागाकार काढला तर सगळं बसतं," तूरबोर्ग म्हणाली.

"आणि माझी सरासरी कोण काढणार? तुझा बाप?"

"तू भागतोस कशाने ते तर सांग."

"साठने. सेकंदाला एक मोजणी, मिनिटाला एक सरासरी. आयुष्यभर तेच करतोय."

"मग आता चौसष्ट मोजण्या घे आणि चौसष्टने भाग. आपण शंभराने भागताना शेवटचे दोन आकडे उडवतो ना? चिपचे आकडे दोनाच्या पटीत वाढतात, म्हणून तिला चौसष्टने भागणं तसंच सोपं. शेवटचे सहा बिट उडवले, झालं! सर्किट लागतंच कशाला?"

"अगं बाई, मिनिटात साठच सेकंद असतात!"

"ते गुरू ग्रहाला कुणी कळवलंय?"

एव्हर्ट मांसाचा तुकडा चघळू लागला. मग एकाएकी इतका हसला, की त्याला ठसका लागला.

"पहिल्या यंत्रात कुणीतरी साठ घातले," डोळे पुसत तो म्हणाला, "आणि आम्ही सगळे मेंढरांसारखे मागून निघालो. काढ तुझा भागाकार. जुन्या मोजण्यांशी मेळ घालायचं मी बघतो."

"कटकटीचं आहे हं ते."

"तुझ्याशी भांडण्यापेक्षा बरं!"

पुढच्या हिवाळ्यात तयार चिप फिनलंडच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी कणांच्या झोताखाली ठेवली. एव्हर्टचं तिथे काही काम नव्हतं, तरी तो आलाच. पडद्यावर बिट उलटल्याच्या नोंदी सरसर येऊ लागल्या. प्रत्येक वेळी उरलेले दोघे तिसऱ्याला वळणावर आणत होते, आणि सरासरी अखंड बाहेर पडत होती.

"भांडकुदळ आहे, पण खंबीर आहे," एव्हर्ट पुटपुटला.

"चिप ना?"

"दोघीही."

यजमानांनी सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, तापवून ठेवला होता. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली. तूरबोर्गने पाठ फळीला टेकली, डोळे मिटले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या मनात एकही सर्किट आलं नाही.